गूळ हातात द्या

सिस्टर अगाथा नसत्या तर हे लिहायला माझ्याकडे अक्षर नसतं. हे आधीच सांगतो. पुढचं वाचून कुणी म्हणेल, पोरगं शिकलं आणि उलटलं. म्हणोत. माझ्या हातात पहिली पेन्सिल त्यांनी दिली. मला गोवर निघाला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं पेज पाजली. आमच्या घराण्यात अंगठ्याच्या जागी सही करणारा मी पहिला, आणि ती सही त्यांनी पाटीवर गिरवून घेतली. यातलं काहीही मी नाकारत नाही.

माझ्या तोंडात गूळ घातला तोही त्यांनीच.

तेव्हा मी नववीत होतो. माझ्या खांद्यावर जू होतं. खरंखुरं, बाभळीचं, तेल पाजून काळं झालेलं जू.

भोकरदन तालुक्यात, राजूर सोडून पुढं गेलं की मिशनचा मळा लागतो. मळ्यात चर्च, सिस्टरांचा मठ, शाळा, वसतिगृह. आणि ओढ्याच्या कडेला आमच्या घरांची एक ओळ. आसपासच्या गावांत आम्हाला ‘मळ्यावरचे’ म्हणतात. सुगी उरकली की मळ्यात माऊलीची यात्रा भरते. मरियामाऊलीची मूर्ती लाकडी गाड्यावर ठेवतात आणि तो गाडा जुन्या विहिरीपासून चर्चपर्यंत ओढत नेतात. बैल लावत नाहीत. दोन माणसं जू खांद्यावर घेतात. डावीकडे लिंबाच्या घराण्यातला माणूस, उजवीकडे गोंदाच्या घराण्यातला. ही बाजू कधी बदलत नाही. हा त्या दोन घराण्यांचा मान. आम्ही लिंबाचे.

त्या वर्षी बाबा अंकुशनगरला कारखान्याच्या हंगामाला गेले होते. उसाची मोळी ट्रकवर चढवताना त्यांचा खांदा निखळला. आजा थकलेला. मग मीच. माझ्या उजव्या अंगाला पास्कलतात्या होता, गोंदाच्या घराण्यातला. त्यानं जू उचलून माझ्या खांद्यावर ठेवलं आणि हसला.

“आयला, पोराला कसं बराबर बसलं बघा! मला तर दरसाल वाकावं लागतंय.”

खरंच बराबर बसलं होतं. जणू माप घेऊन केलेलं. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला.

शहरातून आलेले एक मोठे देणगीदार पुढं उभे होते. मूळचे कुठल्या तरी गावचे बडे जमीनदार, बोलण्यावरून कळत होतं. ते जवळ आले. माझ्या मानेवर हात ठेवून दाबून पाहिलं. मग फादरकडं वळून म्हणाले, “हा नवा खोंड दिसतोय, फादर. किती दाती?”

बाजारात बैलाचं वय असं विचारतात. लोक हसले. फादर हसले. सिस्टर अगाथाही हसल्या. मोठ्यानं नाही. पण हसल्या.

मग त्या गुळाचं ताट घेऊन आल्या. गाडा हलायच्या आधी जुवाखालच्या माणसांना गूळ देतात, तशी रीत. मी जुवावरचा हात काढून पुढं केला.

“हात नको, बाळ,” त्या म्हणाल्या. “तोंड उघड. हातात घ्यायचं नसतं.”

मी तोंड उघडलं. त्यांनी तळहातावरून गूळ माझ्या तोंडात सारला. त्यांची बोटं माझ्या ओठांना लागली. त्या देणगीदारांनी मोबाईल वर धरला होता. “इकडं बघ रे,” ते म्हणाले. मी बघितलं. जू असल्यामुळे मान पुरती वळली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्या बाकावर कडब्याची पेंढी ठेवलेली होती. ठेवणारा राजूरकडच्या एका बागाईतदाराचा मुलगा. तो म्हणाला, “खा की. काल गूळ झाला, आज चारा.” सगळा वर्ग पोट धरून हसला. मी पेंढी उचलून खिडकीबाहेर टाकली आणि बसलो. दिवसभर माझ्या मानेला त्या देणगीदारांचा हात लागलेलाच होता.

घरी आल्यावर आजाला सांगितलं. यात्रेला मी जुवाखाली होतो याचं त्याला इतकं कौतुक होतं की त्याला माझं बोलणं ऐकूच येईना.

“आरं येड्या, त्यो मान हाय. त्या पोराच्या बापाला इचार, माऊलीच्या गाड्याला हात तरी लावता येतो का त्याला? न्हाई. बिलकुल न्हाई. आपल्याला येतो. काहून? लिंबामुळं.”

लिंबा म्हणजे आजाचा आजा. त्याची गोष्ट मळ्यावर सगळ्यांना पाठ आहे. लिंबा पोरका. दुष्काळात मिशननं वाचवला. पुढं पोरबुद्धीनं मळा सोडून पळून गेला. पण मिशनशिवाय त्याला करमेना. परत आला. पुन्हा पळाला, पुन्हा परत आला. आजा हे सांगताना दरवेळी डोळे पुसायचा.

“दोनदा गेल्ता. दोनदा आल्ता. इतकी माया त्याला मिशनची.”

यात्रेच्या दिवशी फादर प्रवचनातही हीच गोष्ट सांगतात. वाट चुकलेला लेक घरी परत येतो, ती. मी लहान असताना हे ऐकून माझीही छाती फुगायची.

दहावीनंतर सिस्टर अगाथांनी मला जालन्याच्या कॉलेजात घातलं. माझ्यासाठी त्या किती दारांत उभ्या राहिल्या ते मला माहीत आहे. पुढं विद्यापीठात इतिहास घेऊन एम.ए. झालो. तिथं मोडी लिपीचा एक लहान वर्ग चालायचा. संध्याकाळी. बहुतेक मुलं चार दिवसांत सोडून जायची. मी राहिलो. मोडी लिहिताना हात उचलत नाहीत. शब्द सुटे नसतात, ओळभर एकच दोरा. त्यात माणसाचं नाव कुठं सुरू झालं ते शोधायला मला आवडायचं. मळ्याचा पोरगा मोडी वाचतो म्हणून सिस्टर सगळ्यांना सांगायच्या. त्यांच्या आवाजात आईचा अभिमान होता. त्या केरळच्या, पण त्यांचं मराठी आमच्यापेक्षा नीट.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला बोलावून घेतलं. मठाच्या दप्तरखान्याचं काम आता त्यांच्याकडं होतं. मळ्याचा मोठा वर्धापन सोहळा जवळ आला होता, कागद लावायचे होते, स्कॅन करायचे होते. आणि आणखी एक काम होतं. सिस्टरांच्या धर्मसंघाच्या परदेशातल्या मुख्य घरानं सगळ्या देशांतल्या घरांना विचारलं होतं की तुमच्या जुन्या कागदांत गुलामांचा, विकत घेतलेल्या किंवा बांधून ठेवलेल्या माणसांचा उल्लेख आहे का. शोधा आणि कळवा. तिकडच्या काही घरांनी आपले कागद उघडले होते, माफी मागितली होती.

सिस्टरांनी ते पत्र मला दाखवलं आणि हसून बाजूला ठेवलं.

“आपल्याकडे गुलाम कुठले? आपण तर पोरं वाचवली. तू कागद बघून घे, खाली सही कर, म्हणजे पाठवून देऊ. आणि सोहळा झाला की तुला इथंच कायम करायचं, असं मी वर बोलून ठेवलं आहे.”

कायमची नोकरी. आमच्या ओळीत कुणाला ती माहीत नाही. मी त्यांच्या पाया पडलो.

दप्तरखाना म्हणजे मठाच्या मागची एक लांबट खोली. उंचावर एकच झरोका. कपाटांना कापराचा वास. एका भिंतीला खुंटीवर यात्रेचं जू टांगलेलं, कारण ते ठेवायला तीच कोरडी जागा. मी दिवसभर टेबलाशी बसायचो आणि ते माझ्या डोक्याच्या मागं असायचं. का कोण जाणे, मी खुर्ची फिरवून बसायला लागलो. पाठ त्याच्याकडं करवेना.

कागद दोन प्रकारचे होते. एक, मठाची रोजनिशी. परक्या भाषेत, सुंदर अक्षरात. त्यातले निवडक उतारे मठातल्या सिस्टर दरवर्षी जेवताना मोठ्यानं वाचायच्या. अगाथा सिस्टरांनीच मला त्याचा अर्थ सांगितला होता. ‘दुष्काळात आमचे बैल मेले, तेव्हा आमच्या लेकरांनी प्रेमानं स्वतः मोट ओढली आणि भाजीपाल्याला पाणी दिलं.’ म्हणजे लपवलेलं काही नव्हतं. उलट ते अभिमानानं वाचलं जायचं.

दुसरे कागद मोडीतले. मळ्याच्या कारभाऱ्यानं लिहिलेले. ते गाठोडं सिस्टरांनी सगळ्यात शेवटी काढलं.

“यात काही नाही. गुरांच्या वैरणीचं दप्तर आहे. आम्हाला कुणाला वाचता येत नाही. तू नुसतं स्कॅन करून टाक.”

मी नुसतं स्कॅन करू शकलो नाही. मला वाचता येत होतं.

सुरुवातीची पानं वैरणीचीच होती. सोन्या, हरण्या, पाखऱ्या. कुणाला कडबा, कुणाला पेंड. कोण मोटेला, कोण नांगराला. जोड्या ठरलेल्या, बाजू ठरलेल्या. डावा कोण, उजवा कोण. बैलाची बाजू बदलत नाहीत, तो बिथरतो. मग दुष्काळ आला. पाखऱ्यापुढं ‘मेला’. हरण्यापुढं ‘मेला’. काही पानं जवळजवळ कोरी.

त्यानंतर त्याच सदरात, त्याच हातानं, बैलांच्याच रकान्यात: डावा लिंबा, उजवा गोंदा. मोट.

कडब्याच्या जागी भाकर.

मी ते नाव पुन्हा वाचलं. दोरा सोडवून वाचला. ल, ब, वरची वळणं. लिंबाच. दुसऱ्या पानावर लिंबा. तिसऱ्या पानावर लिंबा. डावा. दरवेळी डावा.

दोन पानं उलटल्यावर एक ओळ होती: सुताराकडून लहान जू करवले.

मी उठलो. खुंटीवरचं जू खाली घेतलं. इतकी वर्षं पाहिलेलं, खांद्यावर घेतलेलं. आखूड होतं ते. कुठल्याच बैलांच्या जोडीला ते बसलं नसतं. मोठी माणसं त्यात एकमेकांना घासत, वाकून चालतात. नववीतल्या पोराला ते बराबर बसलं होतं. ते नववीतल्या पोराच्याच मापाचं होतं. कदाचित त्याहून लहान.

मग एकेक गोष्ट आपोआप उलगडत गेली आणि मला ती थांबवता येईना. यात्रेत गाडा जुन्या विहिरीपासूनच का निघतो. गाडा धावेच्या पायथ्याला का उभा करतात. धाव म्हणजे विहिरीजवळचा तो उतार, ज्यावरून मोटेचे बैल खाली चालत जातात, मोट वर येते, आणि मग बैल उलट्या पावलानं वर येतात. आम्ही यात्रेत गाड्याला लागण्याआधी जू घेऊन ती धाव उतरतो आणि उलट्या पावलानं वर जातो. माऊलीकडं पाठ होऊ नये म्हणून, असं आम्हाला सांगितलेलं. लहानपणापासून. मी ते श्रद्धेनं केलं होतं.

लिंबाचं गावही त्याच दप्तरात लिहिलेलं होतं. पिंपळगाव रेणुकाई. तो पोरका नव्हता. त्याला बाप होता. बापाला जोंधळा देऊन पोर घेतलं, परत मागणार नाही म्हणून बापाची निशाणी घेतली, असं लिहिलेलं. पुढं: लिंबा पळाला. पिंपळगावातून धरून आणला. पुन्हा काही महिन्यांनी: लिंबा पळाला. धरून आणला. पायात खोडा घातला.

धरून आणला. आम्ही शंभर वर्षं त्याला ‘परत आला’ म्हणत होतो.

आणि पानाच्या कडेला, कारभाऱ्यानं स्वतःला आठवण म्हणून लिहावी तशी, बारीक अक्षरात एक ओळ. गूळ तोंडी द्यावा. हाती दिल्यास धाकट्यांस नेतात.

ती ओळ वाचली आणि सिस्टर अगाथांची बोटं माझ्या ओठांवर आली. तशीच. गोड वासाची.

मी सगळं आधी आजाला सांगितलं. तो दारात दोरी वळत बसला होता. मी वाचत गेलो, तो दोरी वळत गेला. मग त्यानं दोरी खाली टाकली.

“ह्यासाठी शिकीवलं व्हय तुला? आमचा मान काढून घ्यायला?”

“आजा, मी काढून नाही घेतला. मी फक्त वाचलं.”

“मंग नगो वाचू! मिशन न्हाई तर आपण कोण? त्या बागाईतदाराच्या दारातली मान्सं. इथं माऊलीचा गाडा हाय आपल्याकडं. त्यो बी नगो का तुला?”

शेजारून पास्कलतात्या आला. ऐकून तोही भडकला. “आरं, पंचक्रोशीत हसं करशील. त्या पोरांनी तुला कडबा टाकला व्हता, आता आम्हाला टाकतील. जल्दी जाऊन सही कर आन गप बस.”

मी कागदांची घडी घातली. त्यांच्याकडं तेवढंच होतं आणि मी त्यालाच हात घातला होता.

तात्या गेल्यावर आजानं दोरी पुन्हा उचलली. मग हळूच विचारलं, “खोडा म्हंजी पायात घालत्यात ना?”

“हो. घोट्यात.”

“मी ल्हान व्हतो तवा म्हातारा जित्ता व्हता. लिंबा. त्याचे पाय दाबायचो मी. डाव्या घोट्याला काळा कडा व्हता. कातड्याचाच. मला वाटायचं, म्हातारपणानं आलाय.” आजानं स्वतःचा घोटा हातानं धरला. “त्यो पाय लांब करूनच बसायचा. दारात. पिंपळगावच्या वाटंकडं तोंड करून.”

मग तो उठून आत गेला. पुढं कित्येक दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

सिस्टरांकडं मी पानांच्या प्रती आणि त्यांचं साध्या मराठीत केलेलं वाचन घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला. पूर्ण वाचलं. एका ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली. मला वाटलं, आता त्या काहीतरी म्हणतील.

त्या म्हणाल्या, “तो काळ वेगळा होता, बाळ. नाहीतर ही मुलं मेलीच असती.”

“हो, सिस्टर. मेली असती. पण आपण लिहिणार आहोत की असा उल्लेख नाही. उल्लेख आहे.”

“एका कारभाऱ्याच्या चार ओळींवरून तू संत बायकांना गुलामांचे मालक ठरवणार? ज्यांनी तुझ्या घराण्याला देव दिला?”

मी पानं गोळा करायला लागलो. मग त्यांनी ते वाक्य म्हटलं. रागानं नाही, दुखावून.

“हे मोडी तू कुणाच्या जोरावर वाचलंस?”

त्यांनी उत्तराचा कागद माझ्याकडं सरकवला. ‘आमच्या दप्तरात असा कोणताही उल्लेख आढळला नाही.’ खाली माझं नाव टाईप केलेलं, सहीची जागा मोकळी. त्यांनीच गिरवून घेतलेली सही. पेन माझ्या हातात होतं. खरं सांगतो, मी ते टेकवलं होतं. एक ठिपका उमटला. मग मी पेन ठेवलं.

“माझ्याच्यानं होणार नाही, सिस्टर.”

दुसऱ्या दिवशी फादरांनी मला बोलावलं. ते अगदी शांत होते. चहा मागवला. घरच्यांची चौकशी केली. मग खिडकीतून ओढ्याकडं बघत म्हणाले, “तुमच्या घरांच्या जागेचं आपण आजवर सगळं प्रेमानं चालवत आलो. कधी कुणी कागद मागितला नाही, कधी कुणी दिला नाही. तसंच राहिलेलं बरं, नाही का?”

मी चहा प्यायलो नाही.

“आणि सोहळ्याला जू तूच घे,” ते म्हणाले. “बाहेरचे पाहुणे येणार आहेत. शिकलेला मुलगा नम्रपणे जुवाखाली दिसला पाहिजे. त्यानं खूप काही साधेल. सहीचं मग निवांत बघू.”

त्या आठवड्यात आमच्या ओळीचा पाण्याचा नळ दोनदा बंद पडला. बायका हंडे घेऊन शाळेच्या नळावर गेल्या तर तिथं कुलूप होतं. आमचा नळ आपोआप बंद पडायचा आणि आपोआप सुरू व्हायचा. पास्कलतात्या माझ्याकडं बघायचा आणि मान फिरवायचा.

सोहळ्याचा दिवस उजाडला. विहिरीजवळ मांडव, पताका, खुर्च्या. परदेशी पाहुणे पहिल्या रांगेत. धावेच्या पायथ्याला गाडा, गाड्यावर माऊली, निळ्या झग्यात. फादर लाऊडस्पीकरवर होते. त्यांनी लिंबाची गोष्ट सांगितली. दोनदा गेला, दोनदा परत आला. पाहुण्यांना कुणीतरी कानात त्यांच्या भाषेत सांगत होतं. त्यांनी छातीवर हात ठेवले. मी गर्दीत आजाला शोधलं. तो मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा वाचता येत नव्हता. ही गोष्ट ऐकताना त्यानं डोळे पुसले नाहीत, ही पहिलीच वेळ.

“लिंबाचे! गोंदाचे! लागा!” फादरांनी हाक दिली.

पास्कलतात्या जाऊन जुवाखाली उजवीकडं उभा राहिला. डावी बाजू त्यानं हातानं तोलून धरली होती. मी गेलो आणि जुवाच्या बाहेर, त्याच्या शेजारी उभा राहिलो.

“घे की,” तो दात आवळून म्हणाला. “मला एकट्याला लावतोस व्हय?”

सिस्टर अगाथा ताट घेऊन आल्या. म्हाताऱ्या झाल्या आहेत आता. रीतीनं त्यांनी आधी तात्याला भरवलं. त्यानं तोंड उघडून घेतलं. मग त्या माझ्याकडं वळल्या.

“आधी जू घे, बाळ.”

मी हात पुढं केला. तळवा वर.

“गूळ हातात द्या, सिस्टर.”

त्यांना समजलं. लगेच समजलं. त्यांनी ते पान वाचलं होतं.

“पाहुणे बघताहेत,” त्या पुटपुटल्या.

“बघू द्या.”

“तोंड उघड. माझ्यासाठी.”

त्यांच्यासाठी मी काहीही केलं असतं. हे सोडून काहीही. मी हात तसाच धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. “हातात दिला तर पोरं धाकट्या भावंडांसाठी घरी न्यायची. म्हणून तोंडात घालायचे. तुमच्या कागदात लिहिलंय. बैलांच्या रकान्यात. हे जू त्या पोरांच्या मापाचं आहे. लिंबा परत आला नव्हता. त्याला धरून आणलं होतं.”

लाऊडस्पीकरवर गाणं लागलं. मोठ्या आवाजात. फादरांनी लावायला सांगितलं असणार. पण तात्यानं ऐकलं होतं. तो माझ्या इतका जवळ होता.

त्यानं तोंडात बोट घालून गुळाचा खडा बाहेर काढला. हातावर ठेवला. बघत राहिला. त्याची लहान नात पुढंच उभी होती, गर्दीत, तोंड उघडं टाकून. तात्यानं तिच्याकडं पाहिलं, हातातल्या खड्याकडं पाहिलं. मग वाकून जू जमिनीवर ठेवलं आणि त्याखालून बाहेर आला.

सिस्टरांनी माझ्या हातावर गूळ ठेवला नाही. त्यांनी तो खडा ताटात परत ठेवला आणि ताट घेऊन मागं फिरल्या. त्या क्षणापर्यंत मला आशा होती.

गर्दीतून आजा पुढं आला. सावकाश. खाली वाकला. लोकांना वाटलं, म्हातारा मान राखायला आला, आता खांद्यावर घेणार. काहींनी टाळ्याही वाजवल्या. त्यानं जू उचललं, काखेत मारलं.

“हे आमच्या मापाचं करून घेतलंया,” तो फादरला म्हणाला. “आमी नेतो.”

आणि चालू लागला. घराच्या दिशेनं. कुणी अडवलं नाही.

गाडा शेवटी ट्रॅक्टरनं नेला. मळ्यात दोन ट्रॅक्टर आहेत. शेडमध्ये उभेच होते. कधीपासून.

माझी नोकरी गेली हे सांगायला नको. त्यानंतर मी सिस्टरांना पत्र पाठवलं. ते असं:

सिस्टर अगाथा यांस,

येशूच्या नावानं नमस्कार.

तुम्ही मला भेटायला नकार दिलात म्हणून लिहितो. अक्षर तुमचंच आहे, ओळखाल.

मुख्य घराच्या प्रश्नाला उत्तर मी पाठवलं आहे. मोडीच्या पानांच्या प्रती, माझं वाचन आणि जुवाचं माप. खाली सही केली आहे. मूळ कागद तुमच्या कपाटात होते तिथंच आहेत. ते जळाले किंवा हरवले तरी प्रती राहतील, आणि त्या कुठं कुठं आहेत हे मी तुम्हाला सांगणार नाही.

तुम्ही विचारलं होतं, मोडी कुणाच्या जोरावर वाचलंस. तुमच्या. हे मी सगळीकडं सांगेन, कुणी विचारो न विचारो. पण त्याची परतफेड म्हणून तुम्ही जे मागितलंत ते माझं एकट्याचं नव्हतं. ते लिंबाचं होतं. ते मी तुम्हाला देऊ शकत नाही.

लिंबाची गोष्ट यापुढं प्रवचनात सांगितली गेली तर आमच्या ओळीतलं कुणीतरी उठून उभं राहील आणि ती नीट सांगेल. पास्कलतात्यानं ती पाठ केली आहे. त्याच्या नातीलाही येते.

काल दोन माणसं टेप घेऊन आली होती. आमच्या दारांपुढून चुन्याची रेघ मारून गेली. कुणी पाठवलं ते बोलली नाहीत. नळ अजून बंद आहे. आम्ही ओढ्यात झरा खोदला आहे.

लिंबा दोनदा पळाला. आम्ही पळणार नाही. ही जमीन त्यानं आणि गोंदानं मोटेनं भिजवली, हे तुमच्याच कागदात आहे, रोजच्या रोज लिहिलेलं. तहसीलमध्ये आम्ही तेच घेऊन जाणार आहोत. ज्यांना ती रेघ ओलांडून आत यायचं असेल त्यांना आधी आजा भेटेल. तो दारात बसलेला असतो, पाय लांब करून, तुमच्या फाटकाकडं तोंड करून. जू त्यानं मांडीवर घेतलेलं असतं.

तुमचा विद्यार्थी